कान्सिओनेस दे मी पाद्रे

कान्सिओनेस दे मी पाद्रे : अमेरिकन गायिका लिंडा रॉनस्टॅड (जन्म १९४६) यांचा स्पॅनिश भाषेतील मेक्सिकन गीतांचा अल्बम. तो नोव्हेंबर १९८७ मध्ये निघाला. नावाचा अर्थ ‘माझ्या वडिलांची गाणी’. त्यात १३ गाणी असून साथ संपूर्णपणे मारियाची या मेक्सिकन वाद्यवृंदाची आहे. एकट्या अमेरिकेत त्याच्या २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. इंग्रजी वगळता इतर भाषेतला, त्या देशात सर्वाधिक खपलेला अल्बम म्हणून तो ओळखला जातो.

रॉनस्टॅड हे आडनाव जर्मन आहे, आणि त्यामुळे ही गायिका मेक्सिकन वंशाची आहे हे तिच्या लाखो चाहत्यांच्या कधी ध्यानातही आले नव्हते. रॉनस्टॅड यांचे पणजोबा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील हानोफरहून मेक्सिकोत आले आणि वायव्येकडील सोनोरा प्रांतात स्थायिक झाले. आजोबा फेदेरिको रॉनस्टॅड यांचा जन्म १८६८ मध्ये सोनोरातच झाला. १८८२ साली, चौदाव्या वर्षी, ते गाड्या बनवण्याची कारागिरी शिकायला उत्तरेकडे, अमेरिकेतील टूसॉन या गावी आले. पुढे तिथे त्यांनी घोडागाड्यांचा कारखाना आणि लोखंडी सामानाचे मोठे दुकान उभे केले. कामधंद्याइतकाच त्यांचा जीव संगीतात होता. ‘क्लुब फिलार्मोनिको’ नावाचा गावातला वाद्यवृंद त्यांनी उभारला आणि त्यातल्या वादकांना शिकवलेही.

टूसॉन ‘परदेशात’ होते असे म्हणताना मात्र जरा थांबावे लागते. दक्षिण ॲरिझोनाचा हा पट्टा मुळात मेक्सिकोचाच. १८५३ च्या करारानुसार १ कोटी डॉलर मोजून अमेरिकेने तो विकत घेतला. म्हणजे तिथली बरीच कुटुंबे सीमा ओलांडून आलेली नव्हती, सीमाच त्यांच्या दारावरून पुढे सरकली होती. फेदेरिको आले तेव्हा या व्यवहाराला तीस वर्षेही झाली नव्हती. नात्यागोत्याची माणसे दोन्हीकडे होती, आणि गाणीही. या अल्बमकडे ‘परक्या भाषेतला प्रयोग’ म्हणून पाहणाऱ्यांच्या नजरेतून हा भूगोल सुटतो.

अल्बमचे नाव घरातूनच आले आहे. फेदेरिको यांची थोरली मुलगी लुइसा ही ‘लुइसा एस्पिनेल’ या रंगमंचीय नावाने १९२० आणि १९३० च्या दशकांत नावाजलेली गायिका होती. स्पेनच्या निरनिराळ्या भागांतील लोकगीते गोळा करून त्या त्या भागाच्या वेशभूषेत ती सादर करत असे. १९४६ मध्ये तिने वडिलांकडून ऐकलेली गाणी एका छोट्या पुस्तिकेत छापली. ॲरिझोना विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या त्या पुस्तिकेचे नाव हेच होते : कान्सिओनेस दे मी पाद्रे. त्याच वर्षी भाची लिंडाचा जन्म झाला. एकेचाळीस वर्षांनी भाचीने आत्याचे शीर्षक उचलले, तेव्हा त्यातले ‘वडील’ दोन झाले. आत्याचे वडील फेदेरिको, आणि लिंडा यांचे वडील गिल्बर्ट, जे दुकान सांभाळता सांभाळता उत्तम गात आणि घरात गिटारीवर मेक्सिकन गाणी म्हणत.

घरात रोजचे बोलणे इंग्रजीत चाले. आई मिशिगनकडची होती. स्पॅनिश असे ती गाण्यात. लहानपणी आपली समजूत अशीच होती की माणसे बोलतात इंग्रजीत आणि गातात स्पॅनिशमध्ये, असे लिंडा रॉनस्टॅड यांनी सांगितले आहे. त्यांना स्पॅनिश सफाईने बोलता येत नव्हते. यावरून त्यांच्यावर अधूनमधून शंका घेतली गेली, पण ती शंका मला गैरलागू वाटते. सरहद्दीवरच्या अनेक घरांत भाषा अशीच उरते : आधी बोलण्यातून जाते, मग प्रार्थनेत, शिव्यांत, पदार्थांच्या नावांत आणि गाण्यांत तग धरून राहते. नैर्ऋत्य अमेरिकेतल्या शाळांत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत, तिथे हे घडणे अटळच होते. बोलण्यातून निसटलेली भाषा ज्या एका जागी शाबूत राहिली होती, तीच जागा या अल्बमने ध्वनिमुद्रित केली. त्याचे खरे मोल मला यात दिसते.

१९८७ पर्यंत रॉनस्टॅड रॉक आणि कंट्री संगीतातील पहिल्या फळीच्या गायिका होत्या. १९७४ च्या ‘हार्ट लाइक अ व्हील’पासून त्यांचे अल्बम सातत्याने खपत होते. स्पॅनिशकडे त्या अचानक वळल्या नाहीत. १९७६ च्या अल्बममध्ये वडिलांसोबत रचलेले एक स्पॅनिश गाणे होते आणि पुढच्याच वर्षी गाजलेल्या ‘ब्लू बायू’ची स्पॅनिश आवृत्तीही त्यांनी गायली. पूर्ण अल्बमचा विषय निघाला की कंपनीला मात्र तो आतबट्ट्याचा वाटे. १९८३ ते १९८६ या काळात संयोजक नेल्सन रिडल यांच्याबरोबर जुन्या अमेरिकन गीतांचे तीन अल्बम त्यांनी केले, तेव्हाही तसेच इशारे मिळाले होते, आणि ते अल्बम धो धो चालले. त्यानंतर त्यांना अडवणे कुणालाच सोपे राहिले नाही.

निर्मिती दोघांची होती. पीटर ॲशर हे त्यांचे नेहमीचे ब्रिटिश निर्माते. त्यांच्या जोडीला रुबेन फुएंतेस. मारियाचीच्या इतिहासात फुएंतेस (१९२६–२०२२) हे नाव फार मोठे. १९४४ मध्ये व्हायोलिनवादक म्हणून ते ‘मारियाची वार्गास दे तेकालित्लान’मध्ये आले आणि पुढे संयोजक म्हणून या संगीताला आजचा घोटीव आकार देणाऱ्यांत अग्रणी ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हालिस्को प्रांतात स्थापन झालेला हा वार्गास संच अल्बममध्ये वाजला आहे. त्याच्यासोबत नाती कानो यांचा लॉस एंजेलिसमधील ‘लोस काम्पेरोस’ आणि पेद्रो रे यांचा ‘लोस गायेरोस’ हे संचही आहेत. मेक्सिकोतले उस्ताद आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन वस्त्यांतले वादक एकाच तबकडीवर आले, ही निवडही बोलकी आहे.

मारियाचीत व्हायोलिने आणि ट्रम्पेट स्वरावली वाजवतात. पाच तारांची, फुगीर पाठीची विउएला लय झणकारत ठेवते, आणि गितार्रोन हे मोठ्या पोटाचे वाद्य खर्जाचा पाया धरते. गितार्रोनवर बहुधा एका वेळी दोन तारा छेडतात, एक स्वर आणि त्याचे सप्तक. म्हणून ढोल नसतानाही त्याचा ठोका मैदानभर पोहोचतो. या अल्बमवर ड्रम नाहीत, विजेवरची गिटार नाही, इंग्रजी कडवे नाही. तरुण श्रोत्यांसाठी काही ‘नवे’ करावे असा मोह कुठेही दिसत नाही, आणि १९८७ च्या पॉप बाजारात हे धाडसच होते.

गाणी तीन-चार घाटांची आहेत. ‘रान्चेरा’ ही खेड्यातल्या माणसाच्या प्रेमाची, दारूची, मानापमानाची मोकळ्या गळ्याची गाणी. ‘पोर उन आमोर’ आणि ‘तू सोलो तू’ त्यांतली. ‘कोरीदो’ म्हणजे घटना सांगणारे कथागीत, आपल्या पोवाड्याचा दूरचा भाऊ म्हणता येईल असे, फक्त त्यात वीररसापेक्षा शांत कथन जास्त. अल्बममधला ‘कोरीदो दे कानानेआ’ एका कैद्याच्या तोंडी आहे. कानानेआ हे सोनोरातले तांब्याच्या खाणींचे गाव. अमेरिकन मालकीच्या खाणीत १९०६ साली तिथे झालेला संप मेक्सिकन क्रांतीची नांदी मानला जातो. ‘ला बार्का दे ग्वाइमास’मधले ग्वाइमास हेही सोनोराचेच बंदर. मेक्सिको म्हटले की जगाला हालिस्को आठवतो. इथे मात्र आजोबांच्या मुलखातल्या जागा आवर्जून आल्या आहेत.

खरी कसोटी ‘वापांगो’त लागते. पूर्वेकडच्या वास्तेका प्रदेशातला हा प्रकार सहा मात्रांवर चालतो, पण दादऱ्यासारखी ३+३ अशी विभागणी कायम राहत नाही. ती मध्येच २+२+२ होते, आणि दोन्ही वजने एकमेकांवर आदळत राहतात. वर गायकाने छातीचा भरीव आवाज एकदम सोडून पातळ, उंच ‘फाल्सेते’त उडी घ्यायची असते. ती उडी लपवायची नसते. आवाज फुटल्याचा तो क्षणच श्रोत्याला हवा असतो. ‘रोगासियानो एल वापांगेरो’मध्ये अशाच एका गायकाच्या मृत्यूने सारी वास्तेका शोकात बुडाली आहे. ‘ला सिगार्रा’मध्ये गाता गाता मरणाऱ्या रातकिड्याशी संवाद आहे, आणि त्यात रॉनस्टॅड यांनी लांबवलेला फाल्सेते हा माझ्या मते संपूर्ण अल्बमचा कळस आहे. हा गळा त्यांनी कमावला लोला बेल्त्रान यांना ऐकून. मेक्सिकोच्या या थोर रान्चेरा गायिकेच्या तबकड्या त्यांच्या घरी बालपणापासून वाजत, आणि तिलाच त्या आपल्यावरचा सर्वांत मोठा प्रभाव मानतात. रॉक गातानाही त्यांचा आवाज जसा एकदम उसळून वर जाई, त्याचे मूळ या तबकड्यांत सापडते.

रॉनस्टॅड या वाटेवर पहिल्या नव्हत्या. मेक्सिकन वडिलांची मुलगी असलेल्या जोन बाएझ यांनी १९७४ मध्ये स्पॅनिश अल्बम काढला होता. टेक्सासमध्ये जन्मलेल्या विकी कार यांनी तर १९७० च्या दशकापासून स्पॅनिशमध्ये दुसरी कारकीर्दच घडवली. १९८७ च्या उन्हाळ्यात लोस लोबोस या बँडचे ‘ला बाम्बा’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. तरी इतक्या प्रसिद्ध पॉप गायिकेने स्वतःची शैली बाजूला ठेवून एका जुन्या परंपरेपुढे विद्यार्थ्यासारखे बसावे, हे नवे होते. पुढच्या काळाशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. क्रिस्टिना अगिलेरा यांचे वडील इक्वाडोरचे. त्यांच्या २००० सालच्या स्पॅनिश अल्बममध्ये त्यांच्याच इंग्रजी गाण्यांच्या स्पॅनिश आवृत्त्या बऱ्याच आहेत. ग्लोरिया एस्तेफान यांचा १९९३ चा ‘मी तिएर्रा’ रॉनस्टॅड यांच्या वृत्तीला जवळचा : घाट जुन्या क्यूबाचा, साथीला क्यूबन बुजुर्ग, गाणी मात्र नवी.

१९८८ मध्ये या गाण्यांचा नृत्यासह रंगमंचीय कार्यक्रम ब्रॉडवेवर आला. दूरचित्रवाणीवरील त्याच्या प्रक्षेपणासाठी रॉनस्टॅड यांना एमी पुरस्कार मिळाला, आणि १९८९ मध्ये अल्बमला मेक्सिकन-अमेरिकन गायनाचा ग्रॅमी. त्याच काळात, नोव्हेंबर १९८८ मध्ये, ॲरिझोनाच्या मतदारांनी निसटत्या बहुमताने इंग्रजीला राज्याची एकमेव अधिकृत भाषा ठरवणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. दहा वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. गायिकेच्या जन्मराज्यात भाषेवरून हा तंटा पेटलेला असताना अल्बम घरोघर वाजत होता, हे विसरून त्याच्या खपाचा आकडा वाचता येत नाही.

टूसॉनमध्ये मारियाचीची जाण आधीपासून होती. १९६४ पासून तिथे मुलांचा ‘लोस चांगितोस फेओस’ हा संच होता, त्यातूनच पुढे ‘मारियाची कोब्रे’ निघाला, आणि १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मारियाची परिषद भरू लागली. अल्बमने या चळवळीला बळ दिले, विशेषतः मुलींना. गायिकेच्या जागी उभे राहून पुरुषी चारो (मेक्सिकन घोडेस्वाराच्या) पोशाखातल्या संचाला आपल्या मागे वाजायला लावता येते, हे त्यांनी आता पाहिले होते.

रॉनस्टॅड यांनी याच वळणाचा ‘मास कान्सिओनेस’ (१९९१) आणि क्यूबन बाजाचा ‘फ्रेनेसी’ (१९९२) हे आणखी दोन स्पॅनिश अल्बम केले. १९९३ मध्ये दोन्हींना ग्रॅमी मिळाले. पहिल्यात त्या आपल्या भावांसह गायल्या आहेत. पुढे मेंदूच्या विकाराने त्यांचा गळा गेला. २००९ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे झालेला त्यांचा अखेरचा जाहीर कार्यक्रम मारियाचीचा होता. २०२२ मध्ये ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने अल्बमचा राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समावेश केला.

त्याच वर्षी टूसॉनच्या संगीत सभागृहाला लिंडा रॉनस्टॅड यांचे नाव देण्यात आले. हे सभागृह ज्या नागरी संकुलाचा भाग आहे, ते उभारण्यासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस शहराने जुन्या मेक्सिकन वस्तीचा मोठा भाग जमीनदोस्त केला होता.