बंद झालेली स्पोर्ट्स सेडान: घेण्याआधी आणि घेतल्यावर

(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जग्वारने एक्सजे २०१९ मध्ये थांबवली, एक्सई आणि एक्सएफ २०२४ मध्ये. मर्सिडीजची सीएलएस २०२३ मध्ये गेली. मासेराटीची गिबलीही आता बनत नाही. गाड्यांत खोट होती म्हणून हे झाले नाही. गिऱ्हाईक उंच गाडीकडे वळले. देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत आज निम्म्याहून जास्त एसयूव्ही आणि तशाच उंच गाड्या असतात. आपल्या गतिरोधकांवर पोट घासणारी सेडान कोण घेणार?

आता याच गाड्या जुन्या बाजारात नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात मिळतात, म्हणून म्हापसा, पर्वरी, मडगाव सगळीकडून एकच विचारणा येते: घेऊ का? आमचे उत्तर असे, की इंजिनाला घाबरू नका, दिव्याला आणि काचेला घाबरा.

काय मिळत राहील, काय नाही

एक्सई-एक्सएफमधले दोन लिटरचे इंजेनियम इंजिन लँड रोव्हरच्या इव्होक, डिस्कव्हरी स्पोर्ट, वेलार या गाड्यांतही आहे. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जग्वार, बीएमडब्ल्यू, मासेराटी अशा बऱ्याच गाड्यांत बसतो. त्यामुळे इंजिनाचे सेन्सर, पंप, गिअरबॉक्सचा पॅन (तळाचे तेलाचे भांडे), तेल, सील हा माल बरीच वर्षे मिळेल. अडचण येते ती त्या एकाच मॉडेलच्या मापाच्या वस्तूंची. हेडलॅम्प, टेललॅम्प, बंपर, जाळी, पुढची-मागची काच, दाराचे रबर, डॅशबोर्डचा स्क्रीन. मॉडेल कमी खपले असेल तर याचा साठाही थोडाच असतो. एका हेडलॅम्पसाठी गाडी महिनोन्महिने उभी राहते, आणि चतुर्थीला घरी जायला भाड्याची गाडी बघावी लागते.

जुना माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा परदेशातून मागवता येतो. तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुबईहून आलेला हेडलॅम्प बसतो, पेटतो, दिसतोही झकास, पण तिथे वाहतूक उजवीकडून चालते. त्या दिव्याचा झोत उजवीकडे वर उचललेला असतो आणि आपल्याकडे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ब्रिटनचा दिवा चालतो, कारण तिथेही वाहतूक डावीकडूनच. दिवा हातात आला की मागचे प्लॅस्टिकचे कान तुटून चिकटवलेले नाहीत ना, आत बाष्प नाही ना, हे बघा. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जुने घेणार असाल तर आधी विचारा: बरीच मॉड्यूल मूळ गाडीच्या चॅसी नंबरला बांधलेली असतात आणि नुसती जोडून चालत नाहीत.

बॉडीचेही तेच. कंपनीच्या सांगण्यानुसार एक्सईच्या बॉडीत ७५ टक्के ॲल्युमिनियम आहे आणि तिचे भाग रिव्हेट व गोंदाने जोडलेले आहेत. ठोकून, गॅसने तापवून सरळ करणारा नेहमीचा डेंटर इथे उपयोगाचा नाही. तापवलेले ॲल्युमिनियम कमजोर होते, आणि लोखंडी बोल्टशी ते थेट टेकले की आपल्या खाऱ्या हवेत तिथेच पांढरी भुकटी धरून कुजू लागते. जुनी गाडी बघताना बॉनेटखालच्या पुढच्या बोल्टांभोवती ही भुकटी शोधा. एका बाजूलाच सापडली तर ती बाजू उघडली गेली आहे.

विम्याचे गणित

हे आधी वाचा, भाव नंतर करा. पहिली पाच वर्षे गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरलेल्या घसाऱ्याने निघते: एक ते दोन वर्षांत २० टक्के, चार ते पाच वर्षांत ५० टक्के. पाच वर्षांनंतर, आणि मॉडेल कंपनीने बंद केले असेल तर, ती किंमत विमा कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते. बहुतेक जण एजंटने टाकलेला आकडा वाचतसुद्धा नाहीत. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढली जाते आणि चटका बसतो अपघातानंतर.

कसा, ते बघा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. समजा आयडीव्ही १० लाख लिहिली आहे. मर्यादा झाली साडेसात लाखांची. समोरून मध्यम धडक बसली, दोन दिवे, बंपर, रेडिएटर, दोन एअरबॅग, बॉनेट गेले, तर चालू शकणारी गाडीही त्या रेषेपलीकडे जाते. आयडीव्ही १४ लाख असती तर मर्यादा साडेदहा लाखांची, आणि गाडी वाचली असती. म्हणून नूतनीकरणाआधी तशाच दोन-तीन गाड्यांचे बाजारभाव काढून एजंटला दाखवा आणि आकडा लेखी मागा.

साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅगची निम्मी किंमत घसारा म्हणून तुमच्या माथी असते. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. बंपर आणि दिवे प्लॅस्टिकचे, हे ध्यानात घ्या.

इंजिन प्रोटेक्ट हे जास्तीचे कलम गोव्यात ऐच्छिक समजू नका. पणजीत १८ जून मार्गावर पाणी भरले की या गाड्यांच्या खालच्या जाळीपर्यंत ते सहज येते, आणि हवा ओढण्याचे तोंड बऱ्याच मॉडेलमध्ये जाळीच्या मागेच असते. पाणी सिलिंडरमध्ये गेले की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर एकदाही मारू नका. ढकलून बाहेर काढा, फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) बोलवा. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारल्याचे दिसले तर क्लेमवर वाद होतो.

सनरूफच्या नळ्या

पावसाळ्यात आमच्याकडे ‘इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम’ म्हणून येणाऱ्या आलिशान गाड्यांत बऱ्याचदा दोष इलेक्ट्रिकलचा नसतोच. सनरूफच्या खोबणीत पाणी पडतेच. ते चारही कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांनी खाली जायचे असते. आंब्या-फणसाखाली गाडी लावली की फुलोरा, पाने, धूळ यांचा गाळ नळीत बसतो आणि पाणी छताच्या कापडामागून उतरून गालिच्याखाली साचते. वरून गालिचा कोरडा लागतो, खालचा स्पंज मात्र भिजलेला असतो. तिथेच वायरिंगचे जोड आणि काही गाड्यांत मॉड्यूल असतात.

तपासणी घरी होते. सनरूफ उघडा. पुढच्या एका कोपऱ्यात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता, धार लावून नव्हे. काही सेकंदांत ते पुढच्या चाकामागून खाली पडायला हवे. मागच्या कोपऱ्यांचे मागच्या चाकाजवळ. पाणी खोबणीत तुंबले तर नळी बंद आहे. तिथे तार घालू नका, कंप्रेसरची जोराची हवाही नको. नळी आतल्या जोडातून निसटली तर पूर्ण छत उतरवावे लागते. मऊ नायलॉनची दोरी किंवा अगदी कमी दाबाची हवा पुरते. मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि चतुर्थीच्या आसपास एकदा हे करा.

जुनी गाडी घेताना पायाकडच्या गालिच्याची कड उचलून स्पंज दोन बोटांनी दाबा. शिवाय सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरातून आली आहे, मग ती कितीही चमकू दे.

डिझेल, तेल, गिअरबॉक्स

म्हापसा ते पणजी १३ किलोमीटर. रोज एवढेच चालणाऱ्या डिझेल सेडानचा काजळी-फिल्टर, म्हणजे डीपीएफ, नीट तापत नाही आणि जळून साफ होत नाही. साफ करण्याच्या प्रयत्नात इंजिन जास्तीचे डिझेल मारते, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते. तेल पातळ होते आणि पातळी *वाढते*. तेल वाढलेले दिसले की लोक खूश होतात, प्रत्यक्षात ती धोक्याची खूण आहे. इंजेनियम इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतली साखळी, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. पातळ तेलावर ती झिजली तर ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर त्याच आठवड्यात दाखवा.

उपाय स्वस्त आहे. आठवड्यातून एकदा हायवे ६६ ने पत्रादेवीपर्यंत जाऊन या, पंचवीसेक मिनिटे ७०-८० चा वेग सलग राहू दे. तेल कंपनीच्या लांब मुदतीवर न सोडता १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, आधी येईल त्याला बदला. ग्रेड पुस्तिकेत लिहिला आहे तोच.

गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ असे शोरूममध्ये सांगतात. झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते. पॅन प्लॅस्टिकचा आणि फिल्टर त्यातच, त्यामुळे पूर्ण पॅनच बदलतो. पातळी इंजिन चालू ठेवून, तेल साधारण ४० अंशांवर असताना बघायची असते. हे तापमान स्कॅनरवर न बघता तेल भरणाऱ्याकडे गाडी देऊ नका. सिग्नलला थांबताना दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर येताना धक्का बसू लागला की मुदत संपली असे समजा.

उभ्या गाडीचे थोडक्यात: बॅटरीचा व्होल्टेज १२.४ च्या खाली गेला की चार्जर लावा. स्टार्ट-स्टॉप असलेल्या काही गाड्यांत दुसरी लहान बॅटरी असते, तीही मोजा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा पिते. पेट्रोल गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. आताच्या पेट्रोलमधले इथेनॉलही पाणी ओढते. टायरवरचे चार अंकी आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, असा टायर बदला.

कागद आणि भाव

परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर गोव्याचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, विक्रेत्याकडूनच घ्या, पैसे पूर्ण देण्याआधी. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेले असेल तर ३५. दिल्लीकडची दहा वर्षांच्या आसपासची डिझेल गाडी फार स्वस्त दिसली तर त्यामागे तिथले वयाचे निर्बंध आहेत. गाडी वाईटच असेल असे नाही, पण एनओसी नसेल तर तिथेच सोडा.

भाव करताना हे सांगा: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या सेडानवरचा कर सेस धरून ४८ टक्क्यांवरून ४० वर आला. नव्या गाडीची किंमत उतरली, जुनीची उतरायलाच हवी. जाहिरातीतले आकडे मात्र आळशी असतात.

खरेदीपूर्व तपासणीला गाडी आणायची तर सकाळी, इंजिन रात्रभर थंड असताना आणा. गरम करून आणलेल्या गाडीत साखळीचा आवाज ऐकू येत नाही. सोबत आरसी, चालू पॉलिसी, सर्व्हिसची बिले आणि दोन्ही किल्ल्या. अडीच तास लागतात. शनिवारी दुपारनंतर आम्ही ही तपासणी घेत नाही.