एकोणसाठ दिवसांची खोली

एखाद्या कामाचा आराखडा करा असं सांगितलं की विद्यार्थी पहिली गोष्ट करतात ती म्हणजे कॅलेंडर पुढ्यात घेतात. या तारखेला हे, त्या तारखेला ते. दोन दिवसांत पहिली तारीख हुकते आणि मग सगळा कागदच निरुपयोगी होतो. कारण त्या कागदावर तारखा असतात, पण कोणतं काम कोणत्या कामावाचून अडतं हे कुठेच लिहिलेलं नसतं. नियोजन शिकवायचं तर सुरुवात तिथून करावी, आणि तारखा सर्वांत शेवटी घालाव्यात.

उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं घेऊ. शाळेच्या आवारात 12 फूट बाय 14 फुटांची, विटांच्या भिंतींची आणि स्लॅबची एक खोली बांधायची आहे. पाऊस लागायच्या आत, म्हणजे 31 मेपर्यंत, ती रंगासह पुरी हवी. पुढचे दिवस नमुन्याचे आहेत. आपल्या गावच्या गवंड्याला विचारून ते बदलावेत, रीत तीच राहील.

वर्गाला कोऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात. एका चिठ्ठीवर एकच काम, आणि ते क्रियापदासह: ‘पाया खोदणे’, ‘स्लॅब टाकणे’. नुसतं ‘बांधकाम’ असं लिहिलेली चिठ्ठी परत करावी, कारण ते काम कधी संपलं हे कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक चिठ्ठीवर दोनच गोष्टी हव्यात: किती दिवस लागतील, आणि हे सुरू व्हायच्या आधी नेमकं काय पुरं झालेलं असलं पाहिजे.

आपल्या खोलीच्या चिठ्ठ्या अशा होतात. पाया खोदणे 3 दिवस. पाया आणि जोतं बांधणे 8. तयार लिंटेल, म्हणजे दार-खिडक्यांवरच्या आडव्या तुळया, बसवण्यासह भिंती 8. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता साचा आणि टेकू, आणि सळई बांधणी 5. स्लॅबमधले विजेचे पाइप 1. स्लॅब टाकणे 1. आतला गिलावा 5, बाहेरचा गिलावा 6, फरशी 4, रंग 4. सुताराकडे दार-खिडक्यांच्या चौकटी 10 दिवस, त्यानंतर झडपा 12 दिवस, आणि फरशी झाल्यावर झडपा बसवायला 2.

इथे बहुतेक गट थांबतात आणि दोन चिठ्ठ्या राहून जातात. त्यांवर कुणीही माणूस काम करत नाही, म्हणूनच त्या विसरल्या जातात. पहिली, स्लॅब टाकल्यावर टेकू न काढता पाणी मारत थांबणे. काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानक 456 नुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस ठेवावे लागतात, पण हा आकडा साध्या पोर्टलँड सिमेंटचा आहे. हल्ली सर्रास वापरलं जाणारं राख मिसळलेलं सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. त्यासाठी किमान 10 दिवस पाणी मारावं, शक्यतो 14 दिवस, असं तेच मानक सांगतं. आपण टेकू आणि पाणी दोन्हींसाठी 14 दिवस धरू. दुसरी चिठ्ठी गिलावा पिकण्याची आणि वाळण्याची, 10 दिवसांची. ओल्या गिलाव्यावर रंग दिला की तो फुगतो आणि पापुद्रे सुटतात.

आता चिठ्ठ्या फळ्यावर लावून दोऱ्याने जोडायच्या. कामं कशावर खरोखर अडतात आणि कशावर केवळ सवयीने, यातला फरक इथे कळतो. भिंतींशिवाय सेंटरिंग होत नाही, हे खरं अडणं. चौकट उभी करून तिच्या दोन्ही बाजूंनी विटा रचतात, म्हणून भिंतींना जोतंही हवं आणि चौकटीही हव्यात, हेही खरं. तसंच फरशीला आतला गिलावा झालेला हवा, आणि रंगाला दोन्ही गिलावे पिकलेले आणि झडपा बसलेल्या हव्यात. पण ‘आधी आतला गिलावा, मग बाहेरचा’ ही नुसती सवय आहे. आतल्या गिलाव्याला टेकू निघेपर्यंत थांबावं लागतं. बाहेरची परांची मात्र स्लॅबच्या दुसऱ्या दिवशीही बांधता येते.

मग पुढे मोजत जायचं. ज्या चिठ्ठीत एकाहून जास्त दोरे येतात, तिथे सर्वांत उशिरा संपणारा दोरा धरायचा. पाया 3 दिवसांत खोदून होतो, जोतं 11व्या दिवसाअखेर येतं, चौकटी 10व्या. म्हणून भिंती 11 दिवसांनंतर सुरू होऊन 19व्या दिवशी संपतात. सेंटरिंग 24, पाइप 25, स्लॅब 26, पाणी मारणं 40, आतला गिलावा 45, तो पिकणं 55, रंग 59. मधल्या वेळात फरशी 49व्या आणि झडपा 51व्या दिवशी पुऱ्या होतात, बाहेरचा गिलावा 32व्या दिवशी. खोलीला 59 दिवस लागतात.

आता शेवटाकडून उलट मोजायचं: 59 न ढळू देता प्रत्येक काम जास्तीत जास्त किती उशिरा संपलं तरी चालेल? दोन्ही मोजण्यांतला फरक म्हणजे त्या कामाची सवड. झडपा बनवायला 31 दिवसांची सवड निघते, बाहेरच्या गिलाव्याला 13, फरशीला आणि झडपा बसवायला 4. पाया, जोतं, भिंती, सेंटरिंग, पाइप, स्लॅब, पाणी, आतला गिलावा, पिकणं, रंग या साखळीची सवड शून्य. हाच क्रिटिकल पाथ. ही पद्धत 1957 मध्ये ड्यूपाँ या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतले जेम्स केली यांनी कारखान्यांच्या कामांसाठी बांधली. आपण फळ्यावर केलं ते गणित तेच, फक्त त्यांच्याकडे कामं फार होती म्हणून त्यांना संगणक लागला.

या 59 दिवसांतले 24 दिवस नुसतं थांबण्याचे आहेत. तिथे माणसं वाढवून काही होत नाही. घाई करायचीच तर बाकीच्या 35 दिवसांत, आणि तिथेही जपून. जोत्यावर गवंड्यांची जादा जोडी लावून 8 दिवसांचं काम 6 दिवसांत उरकलं, तर खोली 2 दिवस आधी होईल असं वाटतं. होते एकच दिवस आधी. जोतं 9व्या दिवशी तयार, पण चौकटी 10व्या दिवशी येणार. एक दिवस वाचताच क्रिटिकल पाथ सुताराकडे सरकला, आणि जादा जोडीची दुसऱ्या दिवसाची मजुरी वाया गेली. तीच जोडी भिंतींवर लावून 8 चे 6 केले असते, तर दोन्ही दिवस पदरात पडले असते. वर्गात हे गणित मुलांनाच करू द्यावं. क्रिटिकल पाथ जागा बदलतो, हे एकदा स्वतः मोजून पाहिलं की ते पक्कं बसतं.

आणि सवयीच्या दोऱ्याचं काय? बाहेरचा गिलावा आतल्या गिलाव्याला बांधला की तो 51व्या दिवशी संपतो, 61पर्यंत पिकतो आणि रंग 65व्या दिवशी होतो. एका अनावश्यक दोऱ्याची किंमत 6 दिवस.

उलट, काही सवड कागदावर दिसते तेवढी नसते. बाहेरच्या गिलाव्याला 13 दिवसांची सवड आहे खरी, पण गवंडी एकच असेल तर 40व्या दिवसानंतर त्याला आत जायचं आहे. म्हणजे खरी सवड 8 दिवसांचीच. हे दोऱ्यांमध्ये दिसत नाही. त्यासाठी चौकोन आखलेल्या कागदावर दिवसांच्या पट्ट्या रंगवाव्यात, प्रत्येक माणसाचा रंग वेगळा. एकाच उभ्या रेषेवर एक रंग दोनदा आला की तिथे भांडण आहे.

सुताराच्या 10 दिवसांवर किती विसंबायचं? 1958 मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात तीन अंदाज विचारायची रीत आली: सगळं जुळून आलं तर, साधारणपणे, आणि फारच बिनसलं तर. मधल्या अंदाजाला चारपट वजन देऊन बेरजेला 6ने भागायचं. सुतार म्हणाला 8, 10 आणि 18, तर 8 अधिक 40 अधिक 18 म्हणजे 66, भागिले 6 म्हणजे 11. चौकटींची सवड होती एक दिवसाची, ती इथेच संपली. शिवाय 11 हा सरासरीचा आकडा, म्हणजे उशीर होण्याची शक्यता बरीच उरतेच. त्यामुळे चौकटींचं काम पाया खोदायच्या आठवडाभर आधी द्यावं. या सगळ्या आराखड्यातला सर्वांत स्वस्त उपाय हाच.

तारखा आता घालायच्या. 31 मेपासून 59 दिवस मागे गेलं की 3 एप्रिल येतो. प्रत्येक चिठ्ठीत गुपचूप एकेक दिवस वाढवण्यापेक्षा शेवटी 10 दिवसांची एकच राखीव मुदत उघडपणे ठेवावी आणि 24 मार्चला कुदळ मारावी. मग स्लॅब 18 एप्रिलला पडतो, आणि पाणी 2 मेपर्यंत मारावं लागतं. स्लॅबवर आळी करून 5 सेंटिमीटर पाणी उभं करायला एकदाच सुमारे 800 लिटर लागतं, शिवाय उन्हात उडेल ते रोज भरायचं. ज्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो, तिथे ‘पाण्याची सोय करणे’ ही वेगळी चिठ्ठी स्लॅबच्या आधी हवी. ती नसेल तर टाकलेला स्लॅब चिरा धरतो.

काम सुरू झाल्यावर दर आठवड्याला फळ्यापाशी यायचं. ‘किती झालं?’ असं विचारलं की उत्तर नेहमी ‘बरंच’ असतं. त्याऐवजी ‘अजून किती दिवस?’ असं विचारावं. समजा 15व्या दिवसाअखेर गवंडी म्हणाला, भिंतींना अजून 6 दिवस. मग भिंती 19 ऐवजी 21व्या दिवशी संपतील आणि स्लॅब 26 ऐवजी 28व्या दिवशी, म्हणजे 20 एप्रिलला. राखीव दहांतले दोन दिवस गेले, आठ उरले. मिक्सरवाल्याला आणि स्लॅबच्या टोळीला नवी तारीख त्याच संध्याकाळी कळवायची, कारण त्यांनी 18 तारीख दुसऱ्या कुणाला नाकारून आपल्यासाठी ठेवलेली असते.