शोककाळातील स्वयंपाक

शोककाळातील स्वयंपाक : घरातील व्यक्तीच्या मृत्यूनंतर त्या घरात काय शिजते, कोण शिजवते आणि कोणाच्या आठवणीने शिजवते, यासंबंधीच्या रूढी व घरगुती वहिवाट. महाराष्ट्रात तिचे दोन भाग दिसतात. पहिला ठरलेला असतो. त्याला तिथी आहे, सुतक आहे, काय करायचे आणि काय टाळायचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ असते. दुसऱ्याला नाव नाही. दिवसकार्य उरकून पाहुणे परतले, की गेलेल्या माणसाच्या हातचा एखादा पदार्थ आपल्याला जमतो का, हे कोणीतरी एकट्यानेच करून पाहते. तिथे तो सुरू होतो. दुःख घरात खऱ्या अर्थाने मुक्कामाला येते ते तेव्हाच, म्हणून या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

मृत्यूच्या दिवशी घरची चूल पेटवत नाहीत. स्मशानातून मंडळी परतली, की शेजारच्या किंवा भावकीतल्या घरून जेवण येते आणि ते बहुधा पिठलं-भात असते. पिठलंच का, याचे उत्तर स्वयंपाकघरातच मिळते : बेसन प्रत्येक घरात असते, भाजीसाठी बाजार गाठावा लागत नाही, पाणी वाढवले की आणखी चार माणसांचे होते आणि रडून कोरड्या पडलेल्या घशाखाली ते उतरते. आणणारी बाई फारसे बोलत नाही. ‘दोन घास खाऊन घ्या’ एवढेच म्हणते, पुढ्यात बसते आणि खरोखर खाल्ल्याशिवाय उठत नाही. पुढे सुतकाचे साधारण 10 दिवस अनेक घरांत तळण नसते, गोडधोड नसते. ज्या बाईने आयुष्यभर त्या घराला रांधून वाढले, तिला पहिले काही दिवस तरी कोणी ‘आज काय करू’ असे विचारायला लावत नाही, हा या रूढीतला मोठा शहाणपणा होय.

अशीच जाण इतर समाजांतही आहे. मुस्लिम परंपरेत शोकाकुल घराला शेजाऱ्यांनी व नातेवाइकांनी जेवण पोहोचवावे असा संकेत असून, आपले चुलतभाऊ जाफर यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कुटुंबासाठी अन्न शिजवण्याची प्रेषित मुहंमदांनी केलेली सूचना त्याला आधारभूत मानली जाते. पारशी कुटुंबांत पहिले तीन दिवस मांसाहार वर्ज्य असतो आणि चौथ्या दिवशी मटणाचे धनसाक (डाळी-भाज्यांत शिजवलेले मटण) करून हे पथ्य सोडतात. म्हणूनच शुभप्रसंगी धनसाक करत नाहीत. गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नाआधी घरातल्या दिवंगतांच्या स्मरणार्थ गरिबांना जेवू घालण्याची चाल आहे.

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवावा लागतो. तो येईना, की पिंडाशेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचे काहीतरी ठेवतात : भजी, जिलबी, कधी चहाचा कप. तरीही न शिवल्यास दर्भाचा कावळा करतात. धर्मशास्त्र काहीही म्हणो, या प्रसंगी घरच्यांसमोर एक साधा प्रश्न उभा राहतो : ‘त्यांना काय आवडायचं?’ वडिलांच्या बाबतीत उत्तर चटकन येते. आईच्या बाबतीत पुष्कळदा येत नाही. तिच्या हातचे काय आवडायचे ते प्रत्येकाला सांगता येते. तिला स्वतःला काय आवडायचे, हे नेमके कोणालाच माहीत नसते. ती शेवटी जेवायची, उरलेसुरले खायची, आणि विचारले तर ‘मला सगळं चालतं’ म्हणायची. कितीतरी मुलांना ही चुटपुट तिथे नदीकाठी पहिल्यांदा लागते.

तेराव्याला गोडाचे जेवण होते आणि नंतर नातेवाईक शोकाकुल कुटुंबाला घरी बोलावून ‘तोंड गोड’ करतात. या जेवणावळीने गरिबांना कर्जात लोटले, हेही नोंदवले पाहिजे. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहितांकरवी होणाऱ्या कर्मकांडाला विरोध केला. आज बरीच कुटुंबे तेराव्याचा खर्च शाळेला किंवा आश्रमाला देतात.

घरच्या पाककृती टिकवण्याचे काम वर्षाकाठी पितृपक्ष करतो. भाद्रपदाच्या कृष्ण पक्षात तिथीला होणाऱ्या स्वयंपाकात तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, भोपळा, गवार, कारले, अळू हे प्रकार असतात; कांदा-लसूण अनेक घरांत वर्ज्य. सिंधुदुर्गात याला ‘म्हाळ’ म्हणतात आणि वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचे सांबारे असते. खानदेशात पितरांची आठवण अक्षय तृतीयेलाही, म्हणजे आखाजीला निघते. घागर भरतात, पुरणपोळी आणि आमरस करतात. वैशाखाच्या उन्हात केलेल्या त्या आमरसाची पहिली वाटी, तो ज्याला प्राणाहून प्रिय होता त्याच्या नावाने बाजूला निघते. सासूने वड्याचे पीठ कसे भिजवले हे सुनेला वर्षातून एकदाच पाहायला मिळते. ज्या वर्षी सासूच पितरांत जाते, त्या वर्षी तो हात सुनेला एकटीनेच आठवावा लागतो.

इथून बिननावाचा भाग. पहिली अडचण मापाची येते. दोघांच्या घरात एक गेले, तरी तांदळाच्या डब्यात घातलेला हात कित्येक आठवडे दोघांचेच माप काढतो. भात उरतो, सकाळी फोडणी देऊन खावा लागतो आणि ते पुन्हा घडते. भाकरी एकट्यासाठी थापणे अनेकांना इतके जड जाते, की ते नुसत्या चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. आयुष्यभर स्वयंपाकघरात न शिरलेले पुरुष साठी-सत्तरीत कुकरच्या शिट्या मोजायला शिकतात. वरण-भात जमला त्या दिवशी ते मुलीला फोन करून सांगतात, आणि त्या फोनवर दोघेही बराच वेळ गप्प असतात.

दुसरी अडचण पाककृतीची. जुन्या वह्यांत ‘मीठ अंदाजाने’, ‘तिखट आवडीप्रमाणे’ आणि ‘लागेल तेवढे पाणी’ असे लिहिलेले असते. लिहिणारीला ते पुरेसे होते. अंदाज तिच्या बोटांत होता. मागे राहिलेल्यांना तो चुकतमाकत शोधावा लागतो. गोड्या मसाल्यात दगडफूल किती, खोबरे किती तांबूस भाजायचे, हे तीन-चार वेळा बिघडल्यावरच कळते. पण खोबरे, तीळ आणि धणे भाजल्याचा वास घरभर पसरला, की माणूस क्षणभर परतल्यासारखा वाटतो. याला शारीरिक कारण आहे. इतर इंद्रियांचे संदेश आधी मेंदूतील थॅलॅमसमधून जातात. गंधाचा संदेश मात्र भावना व स्मृतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस या भागांशी जवळच्या वाटेने जोडलेला असतो. म्हणून वासाने आठवणीआधी डोळे भरून येतात.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शूट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडले, की शोकाकुल माणूस गमावलेल्याचे दुःख आणि पुढच्या जगण्याची कामे यांच्यात सारखा ये-जा करत असतो व ही ये-जा निरोगी असते. स्वयंपाक ही दोन्ही कामे एकाच कढईत करू देतो : आमटी आईची असते आणि रात्रीचे जेवणही त्यातच होते.

मात्र चूल प्रत्येकीला दिलासा देते असे समजणे चूक ठरेल. काही पिढ्यांपूर्वी अनेक उच्चवर्णीय घरांतील विधवेला सोवळ्यातला स्वयंपाक जन्मभरासाठी नेमून दिला जाई आणि तिने रांधलेल्या गोडाधोडातले तिच्या पानात काही पडत नसे. दुसरीकडे, नवरा गेल्यावर पोळ्या लाटून, डबे देऊन मुले वाढवणाऱ्या बायांच्या हाताला त्याच चुलीने बळ दिले. आजही एखादीला वर्षभर स्वयंपाकघर नकोसे होते. तिला ‘कामात मन रमव’ असे सांगू नये, डबा द्यावा. 2020–21 च्या करोनाकाळात जमणे, भेटणे बंद असताना कित्येक दारांशी असे डबे नुसते ठेवून लोक मागे सरत. पिठल्याची चाल तेवढ्यापुरती तरी टिकली.

काही पदार्थ करणाऱ्या माणसामागे उरतात. उन्हाळ्यात घातलेल्या लोणच्याची बरणी, पापडाचा डबा, फडताळातले मेतकूट यांना माणूस गेल्याचे ठाऊक नसते. कैरीच्या चौथ्या हिश्श्याइतके मीठ पडलेले लोणचे सहज वर्ष काढते, म्हणून आषाढात गेलेल्या आईचे लोणचे पुढच्या चैत्रापर्यंत पानात असते. शेवटच्या फोडी बहुतेक घरांत कोणी संपवत नाही. त्या खारासकट फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात राहतात. विरजणाचे तसे नाही, ते रोज लावले तरच जगते. आईच्या भांड्यातले चमचाभर दही कोमट दुधात घालून आपल्या घरी आणलेल्या मुली ते वर्षानुवर्षे मोडू देत नाहीत. कधी खंड पडलाच, तर पूर्वी त्याच भांड्यातले विरजण जिच्याकडे गेले होते, त्या बहिणीकडून किंवा शेजारणीकडून वाटीत मागून आणतात.