कायोटीची रायफल कायोटीसाठी जन्मलीच नव्हती

कायोटी या उत्तर अमेरिकेतल्या, कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्याला मराठीत नाव नाही. कोणी त्याला कोल्हा म्हणतं, कोणी लांडगा. तो दोन्ही नाही. आपल्या कोल्ह्याहून थोराड, लांडग्यापुढे किरकोळ, वजन साधारण दहा ते पंधरा किलो. त्यातही बराचसा पसारा केसांचाच. हिवाळ्यात दाट लव आली की दोनशे यार्डांवरून तो भरभक्कम दिसतो, पण गोळी जिथे बसायला हवी तो छातीतला भाग जेमतेम तळहाताएवढा. ‘कायोटीसाठी कोणती रायफल घ्यावी?’ हा अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा न संपणारा वाद कळायचा असेल, तर हा तळहात आधी डोळ्यासमोर ठेवावा.

१८०४ साली मिसुरी नदीने वर निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या शोधमोहिमेच्या तुकडीने या प्राण्याची नोंद माळावरचा लांडगा म्हणून केली. १८२३ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ थॉमस से यांनी त्याला कॅनिस लॅट्रान्स, म्हणजे भुंकणारा कुत्रा, हे शास्त्रीय नाव दिलं. ‘कायोटी’ हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेला. तेव्हा त्याचा मुलूख मुख्यतः पश्चिमेकडची मोकळी रानं. पुढे लांडगे मारले गेले, जंगलं तुटली आणि कायोटीला रान मोकळं झालं. आज हवाई सोडलं तर अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तो आहे. न्यू जर्सीच्या तर २१ च्या २१ काउंटींत आहे. तिथल्या एडिसन गावाकडच्या एखाद्या मराठी घरामागे पहाटे दिसलेलं भटकं कुत्रं हे कुत्रंच असेल असं नाही.

त्याला संपवायचे प्रयत्न मात्र सरकारी खर्चाने झाले. १९१५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, लांडगे, कायोटी वगैरे मारण्यासाठी सव्वा लाख डॉलर मंजूर केले आणि १९३१ मध्ये या कामाला कायद्याचा पक्का आधार मिळाला. हत्यारं कोणती? सापळे आणि विष. आधी स्ट्रिक्निन, नंतर ‘१०८०’ नावाचं जहर. फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी केंद्राच्या जमिनींवर आणि केंद्राच्या कार्यक्रमांत अशा विषांना बंदी केली. (त्याच वर्षी सप्टेंबरात आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि इथल्या हौशी शिकारीचा कारभार आटोपला.) या सगळ्यात रायफलीचा वाटा छोटाच होता. मेंढपाळाच्या नाहीतर गुराख्याच्या खोगिराला अडकवलेली असायची ती विंचेस्टर कंपनीची .३०-३० (पहिला आकडा म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इंचात). जड, बोथट गोळी. दीडशे यार्डांपर्यंत उत्तम, पुढे ती दगड फेकल्यासारखी खाली येते. तीनशे यार्डांवर थांबून मागे वळून बघायची खोड असलेल्या कायोटीला तिचं भय असण्याचं कारण नव्हतं.

ज्या काडतुसांवर आज कायोटीची शिकार चालते, त्यांची सुरुवात वेगळ्याच जनावरापासून झाली. पूर्वेकडच्या शेतांत वुडचक असतो, म्हणजे बिळात राहणारी गलेलठ्ठ खारच म्हणा. तो शेतं उकरतो, बिळाच्या तोंडाशी उभा राहतो आणि चाहूल लागली की गडप. त्याला लांबून टिपायचं तर लहान, वेगवान आणि सरळ जाणारी गोळी हवी. या नादापायी १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या लष्करी शस्त्रागारातल्या काही हौशी अधिकाऱ्यांनी जुन्या काडतुसावर प्रयोग केले. त्यातून .२२ हॉर्नेट निघालं आणि १९३० मध्ये विंचेस्टरने ते बाजारात आणलं. १९३५ मध्ये आलं .२२० स्विफ्ट: ४८ ग्रेनची गोळी, सेकंदाला ४,००० फुटांहून जास्त वेग. ग्रेन हे सराफाच्या गुंजेसारखंच दाण्यावरून आलेलं माप. ४८ ग्रेन म्हणजे तीन ग्रॅमच्या जरा वर, तोळ्याचा तिसरा हिस्साही नाही. एवढीशी गोळी त्या वेगाने निघाली की दोनशे आणि तीनशे यार्डांच्या नेमात फारसा फरक करावा लागत नाही. माळावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो, त्यामुळे हा गुण सोन्याच्या मोलाचा. स्विफ्टची बदनामीही लगेच झाली, नळी लवकर झिजवते म्हणून. ती थोडी खरी, थोडी पसरवलेली.

मोठा फरक मात्र दुर्बिणीने पडला, असं माझं मत आहे. बिल वीव्हर या तरुणाने १९३० मध्ये ‘३३०’ नावाची दुर्बीण १९ डॉलरला विकायला काढली. तोवर रायफलीवरची दुर्बीण ही पैसेवाल्यांची चैन होती. तळहाताएवढा नेम साध्या माशीने, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेने, दोनशे यार्डांवर धरता येत नाही. माशीच त्या जनावराला झाकून टाकते. काडतुसांवर पानंच्या पानं भरतात, पण काडतूस कितीही वेगवान असो, दिसलंच नाही तर वेग काय कामाचा?

दरम्यान घरगुती कारागीर .२५० सॅव्हेज या १९१५ च्या काडतुसाचं तोंड आवळून त्यात .२२ ची गोळी बसवत होते. तीस वर्षं हे काडतूस विनाकारखान्याचं जगलं आणि १९६५ मध्ये रेमिंग्टन कंपनीने त्याला आपल्या यादीत घेतलं: .२२-२५०. स्विफ्टच्या जवळपास पोचणारं, पण तिच्याइतकी बदनामी नसलेलं. कायोटीच्या शिकाऱ्याला आजही ‘नेहमीचं’ काडतूस विचारा, बहुतेक वेळा हेच नाव येईल.

दुसरी वाट लष्कराकडून आली. रेमिंग्टनचे अभियंते माइक वॉकर यांनी १९५० मध्ये .२२२ काढलं, मुळात अचूक नेमबाजीच्या ओढीने. त्याचाच नंतर आलेला, जरा मोठा भाऊ .२२३, लष्करात तो ५.५६ मिलिमीटर म्हणून एम-१६ रायफलीत गेला. लष्कराने घेतलेलं काडतूस म्हणजे स्वस्त दारूगोळा आणि मुबलक पितळ, म्हणजे पुन्हा भरता येणारी रिकामी कवचं. १९६० च्या दशकापासून त्या रायफलीची नागरी आवृत्ती, एआर-१५, विकली जाऊ लागली. जुने शिकारी तिच्याकडे नाक मुरडायचे. हरणावर लष्करी हत्यार कोण नेतो! कायोटीच्या बाबतीत मात्र ती चालून गेली, कारण एकाच हाकेला दोन-तीन कायोटी धावत आले तर बोल्ट, म्हणजे पुढची गोळी भरायचा हातदांडा, मागेपुढे करायला सवड नसते; एआरमध्ये ते काम आपोआप होतं.

ही हाक म्हणजे या इतिहासातलं दुसरं मोठं वळण. टेक्ससमधल्या मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम बंधूंनी १९५० च्या दशकात घायाळ सशाचा टाहो काढणारी शिट्टी टपालाने विकायला सुरुवात केली. पुढे ध्वनिमुद्रित आवाज आले, मग इलेक्ट्रॉनिक भोंगे. कल्पना करा: थंडीची पहाट, झुडपाला पाठ लावून माणूस बसलाय, रायफल तिकाटण्यावर. टाहो सुरू होऊन दहा मिनिटं झालीत. कायोटी समोरून येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, म्हणजे वास घेऊन खातरजमा करता येते. दिसतो तेव्हा तो चाळीस यार्डांवर असतो आणि चालत असतो. अशा वेळी वीसपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत नुसते केस दिसतात. हाक मारणाऱ्या शिकाऱ्याला म्हणून कमी पटीची दुर्बीण लागते, काही जण तर बंदूक आणि छर्रेच बरे म्हणतात. माळावर लांबून टिपणाऱ्याची आणि याची रायफल एक असूच शकत नाही, आणि दुकानातला निम्मा वाद हे न बोलता चालतो.

कातड्याचं गणित आणखी वेगळं. १९७० च्या दशकात फरचे भाव चढले आणि फाटलेलं कातडं म्हणजे बुडालेला पैसा झाला. १९७१ मध्ये आलेली .१७ रेमिंग्टन याच चिंतेत कामाला आली: २५ ग्रेनची गोळी आत शिरते ती सुईच्या भोकासारखी, आतच फुटते आणि बहुधा बाहेर येत नाही. वाऱ्यापुढे मात्र तिची फरफट होते. अलीकडच्या काळात कॅनडा गूज या कंपनीच्या महागड्या कोटांच्या टोप्यांना कायोटीची झालर असे. २०२१ मध्ये कंपनीने फर सोडण्याचं जाहीर केलं. ज्यांच्या खेपा या मागणीवर चालत त्यांना आता भोक केवढं पडतं याची फिकीर उरली नाही.

आणि ज्यांच्या राखणीसाठी कायोटी मारले जात होते त्या मेंढ्या? १९४२ च्या सुमारास अमेरिकेत पाच कोटींहून जास्त मेंढ्या होत्या. आज जेमतेम पन्नास लाख. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गाय कॉनोली आणि विल्यम लाँगहर्स्ट यांनी आकडेमोड करून दाखवलं की दर वर्षी पाऊण हिस्सा कायोटी मारले तरी ते नामशेष व्हायला पन्नासेक वर्षं लागतील. कॅलिफोर्निया, व्हरमाँट, न्यू मेक्सिको अशा राज्यांनी बक्षिसाच्या कायोटी-स्पर्धांवर बंदीही आणली आहे. रायफली मात्र विकल्या जातातच.

जुन्या निर्णयांची गाठ नव्या कायद्याशी कशी पडते ते कॅलिफोर्नियात बघावं. १ जुलै २०१९ पासून तिथे कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. गिधाडकुळातल्या काँडोरांना शिशाची विषबाधा होते, हे त्यामागचं मोठं कारण. म्हणजे तांबं. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी हवेत न डगमगता जायची तर तिला जास्त फिरकी लागते. फिरकी देतात ते नळीतले आटे. वाडवडिलांकडून आलेल्या .२२-२५० मध्ये हे आटे बहुधा १४ इंचांत एक वेढा घेतात, ५५ ग्रेनच्या आखूड शिशाच्या गोळीला पुरतील एवढेच. नव्या एआरच्या नळ्यांत तोच वेढा सात-आठ इंचांत होतो. तेव्हा आजोबांची सुंदर अक्रोडी दस्त्याची रायफल घेऊन रानात गेलेल्या नातवाला ३५-४० ग्रेनची हलकी तांब्याची गोळी घालावी लागते, आणि दुपारचा वारा सुटला की त्याने तीनशे यार्डांवरच्या त्या तळहाताचा नाद सोडलेला बरा.