जीप घरी खोलताय? आधी शिमा सांभाळा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जुनी जीप घरच्या शेडमध्ये स्वतः खोलून-जोडून पुन्हा उभी करणाऱ्यांची संख्या सांगली-मिरज भागात वाढते आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. आजोबांच्या काळापासून गोठ्यात उभी असलेली असो, लिलावात घेतलेली असो की एकेकाळी वडापला पळालेली असो, मालकाने तिच्यासाठी हात काळे केले की गाडी टिकते, असा आमचा अनुभव आहे. हे पत्रक पाना धरता येणाऱ्यांसाठी आहे. गाडी कशी खोलायची हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरूनच लिहितो.

आमच्याकडे बऱ्याच जीपा ट्रॉलीतून येतात. चासी वेगळी, बॉडी वेगळी आणि बाकी सगळं खताच्या पोत्यांत. "भाग सगळे आहेत, फक्त जोडायचं आहे. किती घ्याल?" या प्रश्नाला आम्ही लगेच आकडा सांगत नाही. त्यामागचं कारण म्हणजे शिमा.

शिम म्हणजे दोन भागांमधली फट जुळवायला घालतात ती कागदासारखी पातळ पत्र्याची चकती. महिंद्राच्या सीजे-3बी सारख्या जुन्या जीपला ती बऱ्याच ठिकाणी असते: पुढच्या चाकांच्या किंगपिनला (ज्या खिळीवर चाक वळतं तिला) वर आणि खाली, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या कॅपखाली, स्टेअरिंग बॉक्सच्या झाकणाखाली, डिफरन्शियलच्या आत आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला ब्रेकच्या प्लेटमागे. महिंद्राचीच 540 किंवा 550 असेल तर जागा थोड्या बदलतील, नियम तोच.

किंगपिनचंच उदाहरण घ्या. कॅपचे बोल्ट काढले की खाली तीन-चार शिमा तेलाने एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. एक 3 थाऊची, एक 10 ची, एखादी 30 ची. 3 थाऊ म्हणजे इंचाचे तीन हजारांश, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. वरच्या शिमा खाली गेल्या, डाव्या चाकाच्या उजवीकडे गेल्या किंवा एखादी पुसायच्या चिंधीबरोबर कचऱ्यात गेली तरी गाडी जोडली जाते. बोल्ट बसतात, चाक वळतं. मग शिमा जास्त झाल्या असतील तर कर्नाळ रोडला पहिल्या खड्ड्यात पुढची दोन्ही चाकं नाचायला लागतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. शिमा कमी बसल्या असतील तर उलटं होतं: स्टेअरिंग जड होतं आणि बेअरिंग लवकर खातं.

पोत्यातून आलेल्या गाडीच्या शिमा आम्ही एकेक धुऊन मायक्रोमीटरने मोजतो. किंगपिनला आधी अंदाजाने बसवतो, ऑइल सील न लावता नकलला (चाक वळवणाऱ्या सांध्याला) स्प्रिंग काटा अडकवून ओढ बघतो, पुन्हा खोलतो आणि शिम बदलतो. ओढ बरोबर येईपर्यंत हे चालतं. डिफरन्शियलमध्ये तर क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांना रंग लावून दातांचा ठसा बघावा लागतो. या कामाची मजुरी आम्ही 'जुळवणी' म्हणून वेगळी लावतो आणि त्यावरून काही जण नाराज होतात. पण हे काम टाळून गाडी तुमच्या ताब्यात द्यायला आमचं मन धजत नाही. पुढे त्याच गाडीतून तुमच्या घरची माणसं कासला किंवा चांदोलीला जाणार असतात.

यावर उपाय अगदी सोपा आहे. शिमा सुटल्या की तिथल्या तिथे बाइंडिंगच्या तारेत ओवा, त्याच क्रमाने, आणि तारेला चिठ्ठी बांधा: "पुढचं डावं, वर". कॅपचे बोल्ट त्यांच्याच भोकात हाताने परत लावून ठेवा. कॅप आणि हाऊसिंगवर पंचाने जोडीचे टिंब मारा. खडूची खूण रॉकेलने धुतली की जाते. मोबाइलवर फोटो जरूर काढा, पण फोटोत शिमेची जाडी कळत नाही हे लक्षात ठेवा.

इंजिनातही जोडीचे भाग असतात. कनेक्टिंग रॉडची कॅप त्याच रॉडची, मेन बेअरिंगची कॅप त्याच जागेची. पुशरॉड काढले तर पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचा. सीजे-3बीच्या 2199 सीसी इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आहेत. इंजिन त्यामुळे उंच झालं आणि त्या जीपचं बॉनेटही उंच करावं लागलं. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2.

आणखी दोन ठिकाणी नुकसान हमखास होतं. बऱ्याच जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. स्टडवर 'एल' दिसला की उलटं फिरवा, पाइप लावून जोर करू नका. दुसरं, मागचा ड्रम निमुळत्या अ‍ॅक्सलवर घट्ट बसलेला असेल तर अ‍ॅक्सलच्या तोंडावर घण घालू नका, आटे चेपतात. त्याचा पुलर आमच्याकडून अनामत ठेवून न्या.

बॉडीचा पत्रा कापायच्या आधी दाराच्या दोन्ही मोकळ्या जागांत अँगलचा आडवा टेकू वेल्ड करा. कर्णाची मापं लिहून ठेवा आणि मगच तळ काढा.

2005, 2019 किंवा 2021 च्या महापुरात बुडालेली जीप असेल तर ती चालू करून बघायचा मोह आवरा. आधी इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि दोन्ही अ‍ॅक्सलचं ऑइल काढा. ते ताकासारखं पांढरट निघालं तर आत पाणी आहे. वरून इंजिन कितीही स्वच्छ दिसलं तरी अ‍ॅक्सल खोलावाच लागेल.

कागदपत्रांविषयी रोज कुणी ना कुणी विचारतं. चासी नंबरच्या जागी ग्राइंडर, सँडब्लास्टिंग किंवा लांबी (पुट्टी) अजिबात नको. नंबर घासला गेलेली गाडी आम्ही हातात घेत नाही, ओळखीतली असली तरी. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीची विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंद होते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला असेल तर ती नोंद मिळत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच बाहेर काढता येते. म्हणून दुसरं इंजिन बसवायचा बेत असेल तर खर्च करण्याआधी आमच्याशी एकदा बोला.

तासगाव, पलूस, विट्यापर्यंत आमचा माणूस खोलायच्या दिवशी तुमच्या घरी येतो. तुम्ही खोला, तो शिमा ओवेल, खुणा करेल आणि कुठला भाग बदलावा लागेल ते तिथेच सांगेल. त्या दिवसाची मजुरी पुढे काम आमच्याकडे आलं तर बिलातून वजा होते. गॅस्केट संच आमच्याकडून घेतलात तर नंबर मारलेल्या चकत्या आणि कापडी पिशव्या सोबत देतो. किंगपिनचे संच, बेअरिंगा, ऑइल सील आणि सगळ्या जाडीच्या शिमा दुकानात तयार असतात.

पहिल्यांदा येताना आरसी, चासी नंबरचा स्वच्छ फोटो आणि आजवर काय काय खोललं त्याची यादी आणा. गाडी ओढून आणणार असाल तर गिअर आणि ट्रान्सफरचा हाय-लोचा दांडा दोन्ही न्यूट्रलला टाका आणि निघण्याआधी चाकांच्या बेअरिंगांत नवीन ग्रीस भरा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं ग्रीस वाळलेलं असतं.