रेंज ट्रेक (सह्याद्री)

एकच गड चढून संध्याकाळी घरी न परतता, पाठीवर सॅक घेऊन दोन-चार दिवस धारेनं (डोंगराच्या अरुंद माथ्यावरून), खिंडीतून, पदरातून (कड्याखालच्या झाडीच्या पट्टीतून) एका गडावरून दुसऱ्या गडावर चालत जायचं, याला ट्रेकर मंडळी रेंज ट्रेक म्हणतात. बहुतेकांचा पहिला रेंज ट्रेक राजगड-तोरणा असतो, संजीवनी माचीवरून उतरून धार धरायची आणि बुधला माचीवर चढायचं. पन्हाळा-पावनखिंड दरवर्षी जुलैत भर पावसात होतो, १६६० सालच्या त्या रात्रीची आठवण म्हणून. अलंग-मदन-कुलंगला रोप लागतो, त्याचा बोलबालाही जास्त, पण निव्वळ चालण्याचा ट्रेक विचाराल तर रतनगड ते हरिश्चंद्रगडाला तोड नाही.

हा सगळा डोंगर लाव्ह्याचा आहे. शंकूसारखा ज्वालामुखी इथे कुठेच दिसत नाही, कारण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला तो जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून, आला, पसरला, थंड झाला, मग त्यावर दुसरा, तिसरा, असे थरावर थर बसत गेले. आजही सुमारे ५ लाख चौ. किमीवर हा बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेल्या लाव्ह्याचा खडक, आहे. घट्ट थराचा कडा होतो, आणि बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला ठिसूळ थर झिजून त्याचा पदर होतो, म्हणजे कड्याच्या कमरेला गुंडाळलेली झाडीची पट्टी. म्हणून इथला चढ कायम कडा, पदर, परत कडा असाच येतो. या थरांना दख्खन ट्रॅप म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दसुद्धा स्वीडिशमधल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. वाटेत पायाखाली पांढरे चमकणारे खडे दिसतात ते झिओलाइट, त्याच बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पाण्यातली खनिजं साठून तयार झालेले.

साम्रदकडून त्र्यंबक दरवाजाने रतनगडावर चढायचं, नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात, बसून वारा खायचा आणि पलीकडच्या लोखंडी शिड्या उतरायच्या. खाली जंगलात एक वाट रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाकडे जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. खिंडीच्या अलीकडे प्रवरेचं खोरं, पलीकडे मुळेचं. पुढे कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई. पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाताना बराच वेळ आपण पुढे झुकलेल्या कातळाच्या खालून चालतो, डोक्यावर एकच्या एक अखंड थर, आणि इतके दिवस पायाने मोजलेला जिना गडाच्या कोकणकड्यावरून एकाच नजरेत दिसतो.

मुक्काम कुठे करायचा हे पाणी ठरवतं. कातळात खोदलेल्या टाक्यांत पाणी टिकतं कारण घट्ट बेसॉल्टमधून ते सहज झिरपत नाही, पण फेब्रुवारीनंतर प्रत्येक टाक्यावर भरवसा ठेवू नये. वरचं शेवाळ हाताने बाजूला सारायचं, बाटली आडवी बुडवायची, रुमालाने गाळून घ्यायचं, आणि भांडी टाक्यात कधीच धुवायची नाहीत, मागून येणाऱ्यालाही तेच पाणी प्यायचंय.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पावसाळ्यात ओढे अडवतात आणि धुक्यात वाट हरवते, उन्हाळ्यात घसारा, म्हणजे पाय घसरणारा उतार, जीव काढतो, वाळलेल्या पानांखाली बारीक खडी असते आणि आधाराला धरलेलं कारवीचं झुडूप मुळासकट हातात येते. पदरात ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाईलवरचा ट्रॅक असूनही माणूस भलत्याच नाळेच्या (कड्यातल्या उभ्या घळीच्या) तोंडाशी जाऊन उभा राहतो, म्हणून वाडीतला वाटाड्या घ्यावाच. इथले महादेव कोळी आणि ठाकर लोक या वाटांनी जन्मभर गुरं, बाजार, सोयरीक करत आलेत, आपण ज्याला ट्रेक म्हणतो ती त्यांची नेहमीची वाट आहे, तेव्हा मोबदला देताना घासाघीस करू नये. भाकरी, पिठलं आणि झोपायला ओसरी बहुतेक वाड्यांत मिळते, फक्त आदल्या दिवशी फोन करून किती माणसं येणार ते सांगून ठेवायचं.