वाघबीळचा चढ आणि बालेवाडीचा ट्रॅक : कोल्हापुरातल्या ‘वेटरन’ सायकल शर्यतीची पार्श्वभूमी

पन्हाळ्याच्या रस्त्यावर, वाघबीळच्या अलीकडे, पहाटे एक दूधवाला मला गेली काही वर्षे नेमाने भेटतो. पहिल्यांदा भेटला तेव्हा कॅन लटकवलेली मोटारसायकल शेजारी आणून म्हणाला होता, “काय काका, गाडी बंद पडली काय?” शर्यतीचा सराव करतोय म्हटल्यावर त्याने आधी माझ्या पांढऱ्या मिशांकडे बघितले, मग सायकलीकडे. “ह्या वयात?” एवढे विचारून तो निघून गेला.

प्रश्न वाटतो तितका उद्धट नाही. कोल्हापुरात खेळायचे वय तालमीने ठरवून दिलेले आहे. तिशी ओलांडली की पैलवान हळूहळू मैदानातून उतरतो, कट्ट्यावर बसतो आणि पोरांना डाव सांगायला लागतो. त्याला वस्ताद म्हणायचे, त्याचा मान ठेवायचा, पण त्याने पुन्हा लांग चढवून हौद्यात उतरावे असे कुणाच्या मनातही येत नाही. पन्नाशीच्या माणसाला पन्नाशीचाच जोड शोधून कुस्ती लावायची, ही कल्पना इथे थट्टेची वाटेल. सायकलीच्या खेळात मात्र नेमके तेच करतात, आणि त्याला ‘वेटरन’ किंवा अलीकडच्या भाषेत ‘मास्टर्स’ म्हणतात. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिली शर्यत केली, आता अठ्ठावन्नचा आहे. ही वयाची वर्गवारी आली कुठून, आणि आपल्याकडे रुजायला इतका वेळ का लागला, हे शोधताना बऱ्याच ठिकाणी फिरून यावे लागते.

सुरुवात इंग्लंडपासून करू. सायकल शर्यतीचा जन्म फ्रान्समधला: १८६९ ची पॅरिस ते रुआँ ही गावाहून गावाला जाणारी पहिली मोठी शर्यत मानतात. ती जिंकली मात्र जेम्स मूर या इंग्रजाने. त्याच्या मायदेशात पुढे शतकाच्या अखेरीस वेगळेच घडले. रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावली की घोडागाड्या बुजत, पोलीस येत. त्यावर तिथल्या सायकलपटूंनी तोड काढली. पहाटे जमायचे, अंगात काळे कपडे घालायचे, रस्त्यांना सांकेतिक नावे द्यायची आणि एकेकाला मिनिटा-मिनिटाच्या अंतराने सोडायचे. शेजारी कुणी नाही, लढत घड्याळाशी. हीच टाइम ट्रायल.

माझ्या मते वेटरनची सगळी मुळे इथे आहेत. घोळक्याच्या शर्यतीत पन्नाशीचा माणूस पहिल्या चढाला मागे पडतो आणि तिथेच त्याची शर्यत संपते. घड्याळापुढे तो शेवटपर्यंत टिकतो. पुढे तिथल्या वेटरन मंडळींनी चाळिशीपासून प्रत्येक वयासाठी एक प्रमाणवेळ ठरवली. साठ वर्षांच्याने त्याच्या प्रमाणवेळेपेक्षा किती मिनिटे वाचवली आणि पंचेचाळीसच्याने त्याच्या वेळेपेक्षा किती, याची तुलना करायची. म्हातारा हळू गेला तरी जिंकू शकतो. हिशेब डोकेबाज आहे, आणि त्यात कुणावर उपकार नाहीत.

आता जगभर पाच-पाच वर्षांचे गट पाडतात. मास्टर्सच्या जागतिक ट्रॅक स्पर्धेत पस्तिशीपासून पुढे असे गट असतात, आणि वय वाढेल तसे पर्स्यूट या ट्रॅकवरच्या शर्यतीचे अंतर कमी होत दोन किलोमीटरवर येते. फ्रान्सचे रोबेर मार्शां हे याचे टोक. शंभरीत, २०१२ साली, त्यांनी एका तासात २४ किलोमीटरवर मजल मारली. दोन वर्षांनी तो आकडा २६.९२७ वर नेला, म्हणजे १०२ व्या वर्षी ते शंभरीतल्या स्वतःपेक्षा वेगाने गेले. २०१७ मध्ये १०५ वर्षांचे असताना ते २२.५४७ किलोमीटर गेले, तेव्हा त्यांच्यासाठी गटच नवा काढावा लागला. याच एका तासात बेल्जियमचा अव्वल सायकलपटू एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर कापले होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायला मला आवडते. मर्क्सच्या निम्म्याहून जास्त वेग, वय एकशे दोन.

भारतात संघटित सायकल शर्यत आली ती शहरांत. जानकी दास १९३८ मध्ये सिडनीच्या एम्पायर गेम्समध्ये उतरले. हेच पुढे हिंदी चित्रपटांत नट म्हणून दिसले. राष्ट्रीय संघटना उभी राहिली ती त्यांच्या आणि मुंबईच्या सोहराब भूत यांच्या खटपटीतून. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेलेल्या आपल्या सायकल संघात मुंबईच्या पारशी खेळाडूंचा भरणा होता. १९६४ च्या टोकियोनंतर मात्र भारताचा एकही सायकलपटू ऑलिम्पिकला पोहोचलेला नाही. महाराष्ट्रापुरते सांगायचे तर सगळ्यांना ठाऊक असलेली शर्यत एकच, मुंबई-पुणे. स्वातंत्र्याच्या आधीपासूनची. खंडाळ्याचा घाट पहिल्यांदा चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि आमच्या पिढीतल्या अनेकांना शर्यत कोण जिंकले हे आठवत नाही, घाटाचा राजा कोण हे आठवते.

कोल्हापूरची गोष्ट याहून वेगळी, आणि जरा धुळीची. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोममधले प्रेक्षागार बघून आले आणि १९१२ पर्यंत खासबागचे मैदान उभे राहिले. त्याच काळात युरोपातल्या शहरांत सायकलीचे ट्रॅक गर्दीने भरत होते. महाराजांची नजर हौद्यावर गेली. त्याबद्दल इथल्या कुणाचीच तक्रार असायचे कारण नाही. पण त्यामुळे झाले असे, की कुस्तीला इथे दगडी घर मिळाले आणि सायकल रस्त्यावरच राहिली.

रस्त्यावर आणि जत्रेत. आमच्या लहानपणी गावच्या यात्रेच्या हँडबिलावर ओळीने छापलेले असायचे: पालखी, कुस्त्यांचे जंगी मैदान, बैलगाडी शर्यत, सायकल शर्यत, रात्री तमाशा. सायकल शर्यतीला इनाम रोख किंवा भांड्यांचे. मडगार्ड, कॅरिअर, घंटी उतरवून ठेवायची, सीट उंच करायची, टायरात हवा दगडासारखी भरायची, झाली रेसची सायकल. अंतर अमुक फाट्यापर्यंत जाऊन परत. फाट्यावर एक पंच उभा असायचा, तो हातावर शाईचा शिक्का मारायचा, म्हणजे कुणी मधूनच वळून येऊ नये. सीमेपलीकडून, जमखंडी-बागलकोट-विजापूरकडून पोरे यायची आणि इनामे घेऊन जायची. तो भाग आजही देशातल्या सायकलिंगचे आगर आहे.

आणखी एक प्रकार होता, ज्याला शर्यत म्हणता येत नाही, पण विसरताही येत नाही. एखादा फिरस्ता कलाकार चौकात किंवा शाळेच्या मैदानात सात दिवस-सात रात्री सायकलवरून न उतरण्याचा पण करायचा. सायकलवरच अंघोळ, सायकलवरच जेवण, लाउडस्पीकरवर गाणी, आणि कौतुक म्हणून शर्टाला टाचणीने टोचलेल्या नोटा. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांच्या शर्यती चालत. एका माणसाला दिवसात बारा तासांहून जास्त चालवू देऊ नये असा कायदा आला, तेव्हा आयोजकांनी दोघांची जोडी लावली आणि त्यातून ‘मॅडिसन’ हा ट्रॅकचा प्रकार जन्मला. आमच्या फिरस्त्याचा त्याच्याशी काही संबंध असल्याचा माझा दावा नाही. पण तिकडे तमाशातून खेळ निघाला आणि इकडे तमाशा तमाशाच राहिला, हे मला नेहमी खुपते.

जत्रेतल्या शर्यतीतून वर येणाऱ्या पोराला पुढे दिसायची ती नोकरी. देशातले सायकलिंग वर्षानुवर्षे सेनादल आणि रेल्वे यांच्या खेळाडूंवर उभे आहे. राज्यात पदक आले तर पोलिसात, रेल्वेत, फौजेत खेळाडू म्हणून भरती. सायकल ही शिडी होती. नोकरी लागली की तिचे काम संपले; नाही लागली तरी संपलेच, कारण पंचविशीनंतर भरतीचे वय निघून जाते आणि घरचे विचारतात, आता कशाला? इथे वेटरन गट रुजला नाही, याचे खरे कारण हे आहे, हौस कमी होती असे नाही. ज्या खेळात जिंकून काही मिळवायचे असते, तो खेळ मिळवून झाल्यावर किंवा हरून झाल्यावर माणूस सोडतो.

म्हणून आज पंचेचाळीसच्या पुढच्या गटात माझ्या शेजारी उभे असतात ते डॉक्टर, आर्किटेक्ट, फौंड्रीवाले, बँकेतून निवृत्त झालेले. आमच्यातल्या बहुतेकांनी विशीत एकही शर्यत केलेली नाही. ज्यांनी केली ते या रांगेत नाहीत. कार्बन फ्रेमच्या सायकलीची किंमत चांगल्या मोटारसायकलीच्या पुढे जाते, हे एक कारण. पण एकमेव नाही.

ही मंडळी शर्यतीकडे आली ती बहुतांश ब्रेव्हेच्या वाटेने. गेल्या दशक-दीड दशकात आपल्याकडे ब्रेव्हे नावाच्या या लांब पल्ल्याच्या राइड पसरल्या: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. त्यात नंबर काढत नाहीत, वेळेत पोहोचला की झाले. वयाला हे मानवते. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी उतरते. नेटाने सराव करणाऱ्याची घसरण त्याच्या निम्म्यावर ठेवता येते. दम टिकतो, झटका आधी जातो. त्यामुळे म्हातारा सायकलवाला लांबच्या रस्त्याला लागतो, हे साहजिक आहे. २०१७ मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ एकट्याने पूर्ण केली, त्यानंतर तर प्रत्येक गावात दोन-चार जण सहाशेच्या गप्पा मारू लागले.

मला स्वतःला लागले ते उलटे वेड. छोटे अंतर, ट्रॅक.

कोल्हापूरला राज्यातला सर्वात जवळचा ट्रॅक पुण्याला, बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या संकुलात. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. दिल्लीतला यमुना वेलोड्रोम १९८२ च्या आशियाई खेळांसाठी झाला आणि २०१० च्या राष्ट्रकुलसाठी तिथे २५० मीटरचा बंदिस्त लाकडी ट्रॅक आला. बालेवाडीचा सिमेंटचा आणि उघडा. वळणावर उभे राहून पहिल्यांदा खाली बघितले तेव्हा मला आमच्या घराचा जिना आठवला. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो, गिअर नसतात आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पाय फिरतात. चाळीस वर्षे रस्त्यावर चालवलेल्या माणसाचे पाय दमले की आपोआप थांबतात. मी पाचव्या फेरीला थांबवायला गेलो आणि सायकलीने मला सीटवरून असे उचलले, की पुढचे दोन दिवस मला जिना उतरता येत नव्हता. शिकवणारा पोरगा विशीचा. म्हणाला, “सर, वळणात भीती वाटली की हळू नाही व्हायचं, जोरात मारायचं.” वेग कमी पडला तर चढावरून चाक खाली घसरते, म्हणून. कळायला सोपे आहे. पायाला कळायला मला दोन हिवाळे लागले.

ट्रॅकवर तीन रेघा असतात. आतली काळी, जिच्यावर अंतर मोजतात, तिच्यावर लाल, आणि त्याही वर निळी. एकटा धावताना काळी रेघ पकडून राहायचे. एखाद्या हाताने जरी वर सरकलात तरी प्रत्येक फेरीला अंतर फुकट वाढते. पन्हाळ्याच्या रस्त्यावर घडलेल्या माणसाला हे जमत नाही, कारण आमची सगळी शिस्त खड्डा चुकवण्याची.

त्या रस्त्याबद्दल सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही, कारण कोल्हापूरचा ट्रॅक तोच. शिवाजी पूल ओलांडला की केर्लीपर्यंत सपाट, दोन्ही बाजूला ऊस. इथे वारा तोडायला पुढे कुणी असेल तर मागच्याची ताकद पाव ते तिसरा हिस्सा वाचते, म्हणून रांग धरून जायचे आणि पाळीपाळीने पुढे यायचे. आमच्यात एक जण पाळी आली की नेहमी पाणी पितो. वाघबीळला डावीकडे वळले की रांग मोडते. तिथून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत ज्याचा त्याने चढ चढायचा. वारा, रांग, हुशारी काही उपयोगी पडत नाही, फक्त वजन आणि दम. हंगामात उसाच्या ट्रॉल्या अर्धा रस्ता व्यापतात आणि उरलेल्या अर्ध्यावर पाचट पसरलेले असते. पावसाळ्यात पंचगंगेचा ‘रेडेडोह फुटला’ अशी बातमी आली की रस्ता पाण्याखाली जाणार, सराव बंद. मग आम्ही घरात रोलरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवत, बायकोच्या मालिकेच्या आवाजात.

नव्या पोरांचे वेगळे आहे. हातकणंगले तालुक्यातल्या इंगळीची पूजा दानोळे खेलो इंडियात पदके घेऊन आली, तेव्हा रस्त्यात ओळख नसलेल्या बायकांनीही मला थांबवून सायकलीचे विचारले. त्याआधी फक्त दूधवाला विचारायचा.

माझे चाक आउट झाले की मी उद्यमनगरात एकाकडे जातो. वय एकसष्ट. ऐंशीच्या दशकात त्याने यात्रांमधून स्टीलची इतकी भांडी जिंकली, की बहिणीच्या लग्नात ती रुखवतात मांडली होती. भरतीला दोनदा गेला, दोन्हीदा उंचीत बसला नाही. परवा तो तारा आवळत असताना मी त्याला म्हटले, साठीच्या पुढच्या गटात दोन-तीनच जण असतात, तुम्ही या, सायकल माझी घ्या.

“किती किलोमीटर?”

“ट्रॅकवर दोन.”

“दोनच?”

“साठीनंतर दोनच.”

“चढ?”

“चढ नाही. गोल फिरायचं.”

त्याने चाक फिरवले, कान लावून छर्ऱ्यांचा आवाज ऐकला, आणि म्हणाला, “वाघबीळ नाही, तर मग शर्यत कसली?” मग वाटीत ग्रीस भरायला घेतले. निघताना मात्र त्याने विचारले, पुण्याला जायची गाडी पहाटे किती वाजता सोडता.